एका फितीवरचे दोन आवाज

जुलै १९८१. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावच्या माउंटन स्टुडिओत क्वीन हा बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांनी मिळून ‘अंडर प्रेशर’ हे गाणं रेकॉर्ड केलं. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आणि बोवी आळीपाळीने आत जाऊन गायले, तेही दुसऱ्याने काय गायलंय ते न ऐकता. मग उत्तम तुकडे निवडून जुळवले गेले.

हे जमलं मल्टिट्रॅक टेपमुळे. एका रुंद फितीवर अनेक समांतर पट्टे असतात. प्रत्येक आवाजाचा पट्टा स्वतंत्र, पण फीत एकच, म्हणून ताल सुटत नाही. यात एक अडचण होती, आणि तिची उकल मला फार सुंदर वाटते. यंत्रात आवाज टिपणारं हेड आणि ऐकवणारं हेड वेगवेगळ्या जागी असतात. फीत सेकंदाला ७६ सेंटीमीटर धावतेय आणि दोन हेडमध्ये ५ सेंटीमीटर अंतर आहे असं धरा. मग जुना आवाज ऐकत गायलेला नवा आवाज फितीवर सेकंदाच्या पंधराव्या भागाने मागे पडणार. कानाला ते खटकतंच. अँपेक्स कंपनीने १९५०च्या दशकात तोडगा काढला: जुने पट्टे गायकाला टिपणाऱ्या हेडमधूनच ऐकवायचे. अंतरच उरलं नाही!

‘अंडर प्रेशर’च्या व्हिडिओसाठी तर कलाकारच उपलब्ध नव्हते. दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट यांनी वाहतूक कोंडी, स्फोट, गर्दीने भरलेल्या रेल्वेगाड्या आणि ‘बॅटलशिप पोटेमकिन’, ‘नोस्फेराटू’ या मूकपटांतली दृश्यं कापून गाण्यावर बसवली. गाणारे त्यात कुठेच दिसत नाहीत. तरी त्याच वर्षी हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं.