कायद्यांचे मसुदे व शेतकऱ्यांचीं मतें

नोव्हेंबर २०२५ मध्यें केंद्र सरकारच्या कृषि मंत्रालयानें नव्या बियाणे कायद्याचा मसुदा आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला आणि ११ डिसेंबरपर्यंत लोकांनीं त्यावर आपल्या सूचना ई-मेलनें पाठवाव्या, असें कळविलें. १९६६ चा बियाणे कायदा व १९८३ चा नियंत्रण हुकूम यांच्या जागीं हा कायदा यावयाचा. म्हणजे ज्याच्या घरीं बियाण्याची पिशवी येते त्या प्रत्येकाच्या हिताहिताशीं त्याचा संबंध. परंतु तो महिना कोणता होता, हें वाचकांस सांगावयास नको. कापसाची वेचणी चालू, हरभऱ्या-गव्हाची पेर अर्धीमुर्धी, आणि मराठवाड्यांत तर सप्टेंबरच्या अतिवृष्टीनें खरडून गेलेल्या जमिनी सावरण्याची विवंचना. अशा दिवसांत, सूचना वर्ड किंवा पीडीएफ या स्वरूपांत पाठवाव्या, हें वाक्य किती शेतकऱ्यांच्या दृष्टीस पडलें असेल?

लोकांस विचारून कायदा करावा, हें सरकारनें तत्त्वतः मान्य केलेलें आहे. २०१४ सालीं ठरलेल्या धोरणाप्रमाणें केंद्राच्या प्रत्येक खात्यानें विधेयकाचा मसुदा निदान तीस दिवस लोकांपुढें ठेवावा, त्यांतील मुख्य गोष्टी सोप्या भाषेंत समजावून द्याव्या, आणि आलेल्या मतांचा गोषवारा संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. मात्र हें धोरण आहे, कायदा नव्हे. तें न पाळलें म्हणून विधेयक अडत नाहीं.

भाषेचा प्रश्न याहून बिकट. २०२० सालीं पर्यावरणविषयक परवानग्यांसंबंधीं अधिसूचनेचा मसुदा निघाला, तो केंद्राकडून इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत. खाण, धरण किंवा कारखाना जेथें व्हावयाचा तेथील माणसास यांपैकीं एकहि भाषा येत नसली तर त्यानें काय करावें? अखेर दिल्ली उच्च न्यायालयानें ता. ३० जून रोजीं मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली व घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील सर्व भाषांत मसुद्याचें भाषांतर करण्याचा हुकूम दिला. या हुकुमाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, हें विशेष.

शेतीच्या तीन कायद्यांची हकीकत सर्वांस ठाऊकच आहे. जून २०२० मध्यें वटहुकूम निघाले, सप्टेंबरांत कायदे मंजूर झाले. आणि मतें विचारण्याची वेळ आली ती दिल्लीच्या वेशीवर शेतकरी येऊन बसल्यानंतर. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२१ मध्यें नेमलेल्या समितीनें (हींत आपल्याकडील श्री. अनिल घनवट होते) संकेतस्थळ उघडून मतें मागविलीं, तेथें १९,०२७ सूचना आल्या. समितीशीं बोललेल्या बहुतेक संघटना कायद्यांस अनुकूल होत्या. आंदोलन करणाऱ्या संघटना तिच्यापुढें गेल्याच नाहींत. नोव्हेंबर २०२१ मध्यें कायदे मागें घेण्यांत आले, आणि समितीचा अहवाल लोकांच्या हातीं पडला तो मार्च २०२२ मध्यें, तोहि श्री. घनवट यांनीं स्वतः प्रसिद्ध केला तेव्हां. कायदे बरे होते कीं वाईट, हा वाद बाजूस ठेवूं. पण पेरणी उरकल्यावर मातीचा नमुना तपासावयास पाठवावा, तसा हा क्रम झाला.

बियाण्यांचा मसुदा आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस एका गांवच्या सोसायटीच्या ओट्यावर मराठींत समजावून सांगितला. पंधराएक खातेदार जमले होते. बराच वेळ कोणी बोलेना. मग एकानें विचारिलें, "घरचें सोयाबीन निवडून शेजाऱ्यास बी म्हणून विकलें, तर गुन्हा होईल काय?" मसुद्यांत शेतकऱ्यास स्वतःचें बी राखण्याची, देण्याघेण्याची व विकण्याची मुभा आहे, ब्रँडचें नांव लावून मात्र विकतां येत नाहीं. हें सांगतांच एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आमचा गट पिशवीवर गांवाचें नांव छापतो. तें ब्रँडचें नांव होतें कीं नाहीं?" याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं, मसुदा लिहिणारांस तरी हा प्रश्न सुचला असेल काय, कोण जाणे. तिसऱ्यानें २०२० च्या खरिपाचा विषय काढला. त्या वर्षीं सोयाबीन उगवलें नाहीं म्हणून राज्यभर हजारों तक्रारी झाल्या होत्या. पंचनामा किती दिवसांत व्हावा व दुबार पेरणीचा खर्च कोणीं सोसावा, हें कायद्यांतच लिहिलेलें असावें, असें त्याचें म्हणणें पडलें.

तासाभरांत असे पांच मुद्दे निघाले. सोसायटीच्या सचिवांनीं ते मराठींतच एका पानावर उतरविले, प्रत्येकापुढें कलमाचा आंकडा घातला व सर्वांच्या सह्या घेतल्या. त्यांच्या मुलीनें मोबाईलवरच त्या कागदाची पीडीएफ करून मुदतीच्या आंत पाठविली. पाठविलेल्या कागदाची प्रत व ई-मेलची पोंच सोसायटीच्या दप्तरांत लावून ठेविली आहे. मतांचा गोषवारा प्रसिद्ध झाल्यास त्यांत पिशवीवरील नांवाचा मुद्दा आहे कीं नाहीं, हें त्या वृद्ध गृहस्थांस पाहावयाचें आहे.