मेंदूचा एमआरआय आणि एआय : गैरसमज व वस्तुस्थिती

करमाळ्याहून मेंदूच्या विशेष तपासणीसाठी सहसा सोलापूर, अहिल्यानगर नाहीतर पुणे गाठावं लागतं. आता एमआरआयची चित्रं सुधारायला एआय आला आहे, आणि त्याच्यासोबत काही समजुतीही.

गैरसमज : चित्र अंधूक आलं म्हणजे यंत्र जुनं.
वस्तुस्थिती : उदाहरणार्थ, एमआरआयची परफ्यूजन तपासणी मेंदूच्या कोणत्या भागात किती रक्त पोचतंय ते दाखवते. तिची ‘एएसएल’ ही पद्धत 1992 मध्ये मांडली गेली. तिला गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्याचं इंजेक्शन लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तावरच चुंबकीय खूण करतात. सुमारे दोन सेकंदांनी मेंदूचं चित्र घेतात, मग खुणेशिवाय दुसरं घेतात आणि दोन्हींची वजाबाकी करतात. हाती उरतो मूळ संकेताचा जेमतेम 1 टक्का. म्हणून नव्या यंत्रातही चित्र दाणेदार येतं. अशा अनेक जोड्यांची सरासरी काढायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात डोकं हललं की चित्र बिघडतं.

गैरसमज : एआयनं स्वच्छ केलेलं चित्र खरंच असतं.
वस्तुस्थिती : जनरेटिव्ह एआय आधी पाहिलेल्या चित्रांवरून दाणेदारपणामागे काय असावं, याचा अंदाज बांधतो. त्यामुळे थोड्या वेळात घेतलेलं चित्रही वाचण्याजोगं होऊ शकतं. पण फक्त निरोगी मेंदू पाहून शिकलेला एआय रक्त कमी पडलेला छोटा भाग पुसून टाकू शकतो, किंवा नसलेलं काही उमटवू शकतो. 2020 च्या ‘फास्ट-एमआरआय’ स्पर्धेत एआयनं तयार केलेल्या मेंदूच्या काही चित्रांत नसलेल्या रचना आढळल्या होत्या.

गैरसमज : आता रेडिओलॉजिस्टची गरज नाही.
वस्तुस्थिती : उलट, जबाबदारी वाढली आहे. मूळ चित्र शेजारी ठेवूनच सुधारलेलं चित्र वाचायला हवं. परफ्यूजनसाठी जनरेटिव्ह पद्धती अजून मुख्यतः संशोधनातच आहेत.

गैरसमज : तपासणी इतकी प्रगत झाली, मग पक्षाघातात थोडा उशीर चालेल.
वस्तुस्थिती : रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. परफ्यूजनसारख्या तपासण्या पाहून निवडलेल्या काही रुग्णांचीच गुठळी 24 तासांपर्यंत काढता येते. उपचाराविना मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, आणि करमाळ्याहून मोठं शहर गाठण्यातच काही तास जातात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. लगेच 108 ला फोन करा.