गोर्गोपोटामोसचा पूल नक्की कोणी उडवला?

गुना आणि आगर इथल्या जुन्या छावण्यांची माहिती जमवताना सेंट्रल इंडिया हॉर्सच्या मागोमाग मी ग्रीसला पोचलो, अर्थात कागदोपत्री. चौथ्या भारतीय डिव्हिजनबरोबर ही पलटण १९४४ च्या अखेरीस तिथे गेली. मुख्य भूमीवरून जर्मन निघून गेले होते आणि ग्रीक ग्रीकांशीच लढायच्या बेतात होते. हे असं का, ते कळायला दोन वर्षं मागे, एका रेल्वेपुलापाशी जावं लागतं.

१९४१ मध्ये जर्मन, इटालियन आणि बल्गेरियन फौजांनी ग्रीस वाटून घेतला. त्याच सप्टेंबरात दोन संघटना निघाल्या. एक एदेस, डोंगरातला तिचा सेनानी नेपोलियन झेर्वास. दुसरी कम्युनिस्टांच्या पुढाकाराने निघालेली ईएएम. तिचं सैन्य एलास. गंमत म्हणजे सुरुवातीला एदेससुद्धा राजाच्या विरोधातच होती.

सलोनिकी ते अथेन्स लोहमार्गावरच्या गोर्गोपोटामोस पुलावर २५ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री हल्ला झाला. एलासचे ८६, एदेसचे ५२ आणि मायर्स या ब्रिटिश अधिकाऱ्याची १२ जणांची तुकडी. ग्रीकांनी इटालियन पहारा अंगावर घेतला, सुरुंग लावायचं काम मायर्सच्या माणसांचं. मी पेशाने इंजिनिअर, म्हणून पुढचा तपशील वाचताना माझ्याच हाताला घाम आला. पोलादी पायांचा छेद एल आकाराचा असेल असं धरून स्फोटकांचे गोळे वळून आणले होते; प्रत्यक्षात पाय निघाले यू आकाराचे! वर गोळीबार चालू असताना अंधारात सगळा माल पुन्हा वळून बसवावा लागला. पण दोन गाळे खाली आले आणि मार्ग सुमारे सहा आठवडे बंद राहिला.

दोघांनी मिळून केलेलं असं मोठं काम पुन्हा झालं नाही. जून १९४३ मध्ये जवळचाच असोपोसचा पूल उडवायचा होता, तेव्हा एलासने नकार दिला. ते काम ब्रिटिशांनी एकट्याने उरकलं. माझ्या मते भांडण जर्मनांशी कसं लढायचं याचं कमी आणि ते गेल्यावर राज्य कोणाचं याचं जास्त होतं. शिवाय ब्रिटिशांकडून येणारी शस्त्रं आणि सोन्याच्या गिन्न्या कोणाला किती, हाही प्रश्न होताच. झेर्वासने मार्च १९४३ मध्ये राजाशी जुळवून घेतलं, ऑक्टोबरात दोन्ही सैन्यं उघडपणे भिडली. २९ फेब्रुवारी १९४४ ला प्लाकाच्या दगडी पुलावर तह झाला खरा, पण सातच आठवड्यांत एलासच्या लोकांनी ईकेकेए या तिसऱ्या गटाचा नेता कर्नल प्सारोस याला ठार मारलं. डिसेंबरात अथेन्समध्ये एलास आणि ब्रिटिश समोरासमोर आले, आणि आपले भारतीय जवान त्यात सापडले.

पुलाचं श्रेयही असंच वाटलं गेलं. युद्धानंतर सरकारदरबारी मान झेर्वासच्या बाजूला, एलासवाल्यांच्या नशिबी तुरुंग नाहीतर परागंदा होणं. १९६४ मध्ये पुलापाशी स्मरणसोहळ्याला दोन्हीकडची माणसं जमली असताना सुरुंग फुटला आणि १३ जण मेले. सरकार म्हणालं, जुना राहिलेला सुरुंग. डाव्यांनी म्हटलं, घातपात. ईएएम आणि एलासला राष्ट्रीय प्रतिकाराचा भाग म्हणून कायद्याने मान्यता मिळाली ती १९८२ मध्ये, पूल उडाल्यानंतर चाळीस वर्षांनी.