रक्ताचा ताळेबंद : आम्ल-आम्लारी समतोल

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मनगटातील धमनीतून रक्त घेतले जाते, तेव्हा 'पुन्हा रक्त कशासाठी?' असा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. सक्करदरा परिसरातील रुग्णकुटुंबांना व आमच्या दात्यांना या तपासणीचे मर्म कळावे, म्हणून हे अल्प विवेचन.

निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा सामू, म्हणजेच पीएच, ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत असतो. तो ७.४ वरून ७.१ वर आला, तर फरक किरकोळ वाटतो; प्रत्यक्षात रक्तातील आम्लता दुप्पट झालेली असते.

शरीरात सतत आम्ल निर्माण होते व त्याचा हिशेब तीन ठिकाणी राखला जातो. रक्तातील बायकार्बोनेट आम्लाला क्षणार्धात निष्प्रभ करते. फुप्फुसे काही मिनिटांतच श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. मूत्रपिंडे मात्र तासांच्या व दिवसांच्या गतीने उरलेले आम्ल लघवीवाटे काढतात आणि बायकार्बोनेटची गंगाजळी पुन्हा भरतात.

हा मेळ अनेक कारणांनी बिघडतो. इन्सुलिन थांबवलेल्या मधुमेही रुग्णाच्या रक्तात कीटोन आम्ले साचतात. मूत्रपिंडे निकामी झाल्यास आम्ल बाहेर पडत नाही. याउलट, सतत उलट्या झाल्यास जठरातील आम्ल जाऊन रक्त आम्लारीधर्मी होते.

तीव्र अतिसारात तर बायकार्बोनेटच वाहून जाते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांना मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण पाजून असंख्य प्राण वाचवले. हा सोडा म्हणजे बायकार्बोनेटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार आजच्या ओआरएसमध्ये लिटरमागे २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. शरीरात त्याचे बायकार्बोनेट बनते. म्हणून एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी.

कुटुंबीयांना आमची नम्र विनंती अशी की, ताप आला वा जेवण कमी झाले तरी इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये. मधुमेही रुग्णाचा श्वास खोल व जलद झाला, तर तो साधा दम समजून घरी थांबू नये. त्या वेळी फुप्फुसे आम्ल बाहेर टाकण्यासाठी झटत असू शकतात. मनगटातील रक्ताची तपासणी हे काही मिनिटांत सांगते. ती रात्री-अपरात्रीही उपलब्ध राहावी, यासाठी दात्यांचे साहाय्य मोलाचे आहे.