हृदयाची झडप अरुंद झाली, आता किती वर्षं? इको झाल्यावर घरच्यांनी काय समजून घ्यावं

इकोचा कागद हातात पडला की घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो. "डॉक्टर, किती दिवस राहिले?" कागदावर 'मायट्रल स्टेनोसिस' किंवा 'एऑर्टिक स्टेनोसिस, सिव्हिअर' असं लिहिलेलं असते. कोणी सांगते वर्षभर, कोणी सांगते काहीच होत नाही. दोन्ही चूक. खरं उत्तर तीन गोष्टींवर आहे : कोणती झडप, त्रास सुरू झाला की नाही, आणि झडप वेळेवर मोकळी केली की नाही.

विहिरीतल्या मोटरचा फुटव्हॉल्व्ह आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. हृदयात अशा चार झडपा आहेत. झडप जाड होऊन नीट उघडेना, की मागे रक्त तुंबते आणि पुढे कमी जाते. मायट्रल झडपेचं तोंड चांगल्या माणसात 4 ते 6 चौरस सेंटीमीटर असते. ते दीडवर किंवा त्याखाली आलं की आजार गंभीर धरतात. एऑर्टिक झडप 3 ते 4 असते, ती 1 वर आली की गंभीर.

आपल्याकडे तरुण वयात, त्यातही बायांमध्ये, जास्त दिसते ती मायट्रल. तिची सुरुवात लहानपणी होते. 5 ते 15 वर्षांच्या पोराचा घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा दुखतो तर उद्या कोपर. याला संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फिवर म्हणतात. सांधे काही दिवसांत बरे होतात, पोरगं शाळेत जायला लागते, आणि घरचे विसरतात. हृदयाची झडप मात्र हळूहळू खराब होत राहते. दम लागायला पुढे दहा-वीस वर्षं जातात.

आमच्या गावातल्या एका काकूंचं असंच झालं. सोयाबीन सोंगताना अर्धी पात झाली की खाली बसायच्या. "दम लागते बापा," म्हणायच्या. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. तीन वर्षं दम्याचा पंप आणि रक्तवाढीच्या गोळ्या चालल्या. वय 38. शेवटी एका डॉक्टरने छातीला नळी लावून नीट ऐकलं आणि इको करायला लावला. तीन वर्षं वाया गेली ते गेलीच.

आता आयुष्याचं. मायट्रल अरुंद आहे पण त्रास नाही, अशा 100 माणसांपैकी 80 च्या वर दहा वर्षांनंतरही जिवंत असतात. घरातल्या घरात चाललं तरी दम लागतो, अशी अवस्था आली आणि काहीच केलं नाही, तर दहा वर्षांनी 100 पैकी 15 ही राहत नाहीत. हे आकडे झडप मोकळी करायची सोय नव्हती त्या काळातले आहेत. म्हणजे उपचार न केलेल्या माणसाचे आहेत, तुमच्या घरच्या पेशंटचे असलेच पाहिजेत असं नाही.

सोय 1984 पासून आहे. जपानच्या डॉ. इनोए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडायची पद्धत दाखवली. छाती फाडावी लागत नाही, दोन-तीन दिवसांत पेशंट घरी येतो. झडप फार कडक किंवा गळकी नसेल तर याने बरीच वर्षं निघतात. काहींची पुन्हा आकुंचते, तेव्हा परत फुगा किंवा ऑपरेशन.

एऑर्टिकची गोष्ट वेगळी आहे. ती बहुतेक साठी-सत्तरीच्या माणसांत कॅल्शियम साचून होते. वर्षानुवर्षं काही कळत नाही. पण एकदा त्रास सुरू झाला की वेळ कमी असतो. रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी 1968 मध्ये मांडलेला हिशोब आजही शिकवतात : छातीत दुखायला लागल्यापासून सरासरी 5 वर्षं, चक्कर येऊन पडायला लागल्यापासून 3, आणि हृदय थकून दम, पायावर सूज आली तर 2. म्हातारा धुऱ्यावर चक्कर येऊन पडला तर "ऊन लागलं" म्हणून सोडून देऊ नका.

गोळ्यांनी झडप उघडत नाही. गोळ्या फक्त पाणी आणि ठोके सांभाळतात. 2010 मध्ये एक मोठा अभ्यास आला, ज्यांचं ऑपरेशन शक्यच नव्हतं अशा म्हाताऱ्या पेशंटचा. नुसत्या औषधावर ठेवलेल्या 100 पैकी 51 वर्षभरात गेले. मांडीतून नवी झडप बसवलेल्यांपैकी 31 गेले. या पद्धतीला टावी म्हणतात, खर्च लाखांत आहे.

झडप बदलायची ठरली तर दोन प्रकार असतात. प्राण्याच्या पडद्याची झडप साधारण 10 ते 15 वर्षं चालते. धातूची पुष्कळ टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि आयएनआर नावाची रक्त तपासणी नेमाने. गोळी बंद केली की झडपेवर गाठ धरते, लकवा होऊ शकते. पालक, मेथी खायला मनाई नाही, पण एक आठवडा भरपूर आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही, असं नको. आपल्या देशातली चित्रा झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झाली, डिसेंबर 1990 मध्ये पहिल्यांदा बसवली. तेव्हापासून लाखावर माणसांना लागली आहे.

लेकी-सुनांबद्दल वेगळं सांगतो. पोटुशी असताना शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होते. अरुंद झडपेला ते झेपत नाही, सहाव्या-सातव्या महिन्यात एकाएकी दम वाढतो. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, की पूर्वी इको झाला होता, हे पहिल्याच तपासणीला सांगा, मग ती गावच्या उपकेंद्रात असो की अमरावतीच्या डफरीनमध्ये. धातूची झडप असलेल्या बाईने दिवस राहण्याआधीच डॉक्टरला विचारावं, कारण ती गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते.

सुरुवात इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचारपासून करा. हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरचं शासकीय सुपर स्पेशालिटी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटा. ऑपरेशनचा कागद घेऊन पैसे जमवत वर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत, त्यातल्या काहींच्या घरी तोवर शेत विकायची बोलणी झाली होती. टोल फ्री नंबर 155388.

आणि ज्या पोराला संधिवाताचा ताप होऊन गेला, त्याला दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन असते. झडपेला इजा झाली असेल तर किमान दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, यातलं जे जास्त असेल तेवढं. इंजेक्शन दुखते, पोरगं रडते, कापूस वेचणीच्या दिवसांत तारीख हुकते. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि शाळेतल्या मास्तरांनाही सांगून ठेवा.