आसवनीतले विरजण

दुधाला विरजण लावताना घरोघरी चमचाभर दही उद्यासाठी बाजूला ठेवले जाते. साखर कारखान्यांच्या आसवनीतही असेच विरजण जपावे लागते. मात्र ते दह्यातील जिवाणूंचे नव्हे, तर यीस्ट या एकपेशीय बुरशीचे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे जिल्ह्यात कारखाने वाढले आणि मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या आसवन्याही आल्या. पाणी घालून पातळ केलेल्या मळीतील साखरेचे यीस्ट अल्कोहोल बनवते. पण तिच्यात जिवाणू शिरले, तर त्याच साखरेचे आम्ल होते आणि उतारा घटतो. हा तोटा अखेर ऊस उत्पादक सभासदांच्याच पदरी पडतो.

म्हणून मूळ यीस्ट शुद्ध ठेवावे लागते. परीक्षानळीतील तिरप्या आगरवर वाढवलेले यीस्ट सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि काही महिन्यांनी नव्या आगरवर उतरवतात. वारंवार उतरवल्याने त्याचे गुण बदलू शकतात. त्यामुळे दीर्घ साठवणीसाठी ते ग्लिसरॉलमध्ये मिसळून उणे ८० अंशाला गोठवतात. ग्लिसरॉलमुळे बर्फाच्या स्फटिकांपासून पेशींचा बचाव होतो. गोठवून वाळवलेले यीस्ट तर वर्षानुवर्षे टिकते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा असा संग्रह आहे.

एका खेपेतील यीस्ट पुढच्या खेपेलाही वापरता येते. यंत्राने वेगळे काढलेले यीस्ट काही काळ सौम्य आम्लात ठेवतात. ते यीस्टला सोसते, बहुतेक जिवाणूंना नाही. तरीही मृत पेशी साचत जातात, म्हणून अधूनमधून मूळ साठ्यातून ताजे यीस्ट वाढवावे लागते.

घरी पावासाठी आणलेल्या ताज्या यीस्टलाही हेच नियम लागू पडतात. ते घट्ट गुंडाळून शीतकपाटात ठेवावे व दोन-तीन आठवड्यांत संपवावे. कोमट साखरपाण्यात पंधरा मिनिटांत फेस आला नाही, तर ते मेले असे समजावे. मद्य गाळण्यासाठी मात्र ते घरी वापरता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.