मत्स्याहाराचा ताळेबंद

घरात बाळाची चाहूल लागली, की गर्भवतीच्या ताटाकडे सर्वांचेच लक्ष वळते. किनारपट्टीच्या प्रदेशात त्या ताटात मासा असणे ओघानेच आले. परंतु ‘माशांत पारा असतो’ ही वार्ता आता घरोघरी पोहोचली आहे आणि कित्येक कुटुंबांत खबरदारी म्हणून मासा ताटातून पूर्णपणे हद्दपार होतो. ही खबरदारी खरोखरच लाभाची आहे काय? कोणत्याही व्यवहाराप्रमाणे येथेही जमा आणि नावे या दोन्ही बाजू तपासून पाहणे श्रेयस्कर.

जमेची बाजू

मासा हा पचनास हलका आणि उत्तम प्रतीच्या प्रथिनांचा स्रोत होय. समुद्री माशांतून आयोडीन, सेलेनियम आणि ब-१२ जीवनसत्त्वही मिळते. त्यातील डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल गर्भाच्या मेंदूच्या व दृष्टिपटलाच्या जडणघडणीस आवश्यक असते. जवस, अक्रोड यांतही ओमेगा-३ असते. मात्र शरीरात त्याचे डीएचएमध्ये रूपांतर अल्प प्रमाणातच होते. हृदयाच्या बाबतीत, हार्वर्डच्या मोझाफेरियन आणि रिम या संशोधकांनी २००६ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आठवड्यातून एक-दोन वेळा मासे खाणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे ३६ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात दिसून आले.

नावेची बाजू

कोळशाचे ज्वलन, सोन्याच्या छोट्या खाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी यांतून पारा जलाशयांत पोहोचतो. तेथील जीवाणू त्याचे मिथिल मर्क्युरी या विषारी संयुगात रूपांतर करतात. लहान मासे मोठ्या माशांच्या पोटात जातात, तसतसे हे विष पायरी-पायरीने वाढत जाते. जणू चक्रवाढ व्याजच! ते माशाच्या मांसातच मुरलेले असल्याने धुण्याने, तळण्याने वा शिजवण्याने निघत नाही.

जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली याचे भीषण रूप जगापुढे आले. रासायनिक कारखान्याचे सांडपाणी मिसळलेल्या उपसागरातील मासे खाऊन असंख्य लोक अपंग झाले. स्वतः फारशा आजारी न दिसणाऱ्या मातांच्या पोटीही मेंदूला इजा झालेली बालके जन्मली. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणाऱ्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला याच गावाचे नाव देण्यात आले असून भारतानेही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली.

दोन बेटांची साक्ष

मिनामाता ही दुर्घटना होती. नित्याच्या आहाराचे काय? उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भावस्थेत पाऱ्याचा अधिक संपर्क आलेल्या मुलांत भाषा, अवधान व स्मृती यांत सूक्ष्म उणिवा आढळल्या. तेथे पारा मुख्यतः पायलट व्हेलच्या मांसातून येत होता. याउलट हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरील माता आठवड्यातून सरासरी १२ वेळा समुद्री मासे खात; तरीही त्यांच्या मुलांत अपाय दिसून आला नाही, असे २००३ साली जाहीर झाले.

इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील ११ हजारांहून अधिक गर्भवतींच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांत शाब्दिक बुद्धिमत्ता कमी असण्याचे प्रमाण अधिक होते. तात्पर्य, भीतीपोटी मासा वर्ज्य करण्याचीही किंमत मोजावी लागते.

शिल्लक काय?

प्रश्न मासा खावा की न खावा हा नसून कोणता खावा, हा आहे. अमेरिकेतील शासकीय यंत्रणा गर्भवती व स्तनदा मातांना आठवड्याला सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे सुचवतात आणि शार्क, तलवार मासा, मार्लिन, किंग मॅकेरल व मोठ्या डोळ्यांचा ट्यूना टाळण्यास सांगतात. किंग मॅकेरल हा आपल्या सुरमईचा निकटचा नातलग असल्याने मोठी सुरमई बेतानेच खाणे इष्ट.

येथे एका रूढीचा फेरविचार करणे प्राप्त आहे. तमिळनाडूत बाळंतिणीला शार्कच्या मांसाचे ‘सुरा पुट्टू’ आवर्जून खाऊ घालतात. कोकणातही काही घरांत बाळंतिणीसाठी मुशी आणली जाते. हेतू मायेचाच, परंतु त्या थाळीत मुशीऐवजी बांगडा वा तारली आली, तर माया तीच राहून जोखीम टळेल. हे मासे अल्पायुषी आणि अन्नसाखळीत खालच्या पायरीवरचे. त्यामुळे त्यांत पारा कमी साठतो, ओमेगा-३ मात्र विपुल असते. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना रोहूसारखे गोड्या पाण्यातील मासेही चालतील. मात्र कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या खाडीतील वा नदीतील मासे टाळलेलेच बरे.

बाजारात सुरमई-पापलेटच्या पाटीपुढे बांगडा आणि तारली बहुधा दुय्यम ठरतात. आरोग्याच्या खातेवहीत मात्र सर्वांत कमी गुंतवणुकीत सर्वाधिक परतावा देणारी ठेव हीच आहे.